‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ : एका वाद्यवृंदाचा उदय व विघटन

१

एखादी कलासंस्था अल्पावधीत मोडली म्हणजे त्या मोडण्याची कारणे माणसांच्या स्वभावात शोधण्याचा मोह टीकाकारास होतो. अमका व्यसनाधीन होता, तमका अहंमन्य होता, व्यवस्थापकाची दृष्टी पैशावर होती, अशी चरित्रात्मक कारणे नेहमीच हाताशी असतात. ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु ती सांगून झाली म्हणजे कलेविषयी काही सांगून झाले, असे मात्र नव्हे. व्यसनी आणि अहंमन्य माणसांचे कित्येक वाद्यवृंद दीर्घकाळ टिकले आहेत आणि सज्जनांचे कित्येक पहिल्या वर्षातच विरून गेले आहेत. तेव्हा या कारणांपलीकडे जाऊन, त्या संस्थेने जो कलाप्रकार हाती घेतला होता त्याच्या रचनेतच विघटनाचे बीज होते काय, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. तो प्रश्न ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या संदर्भात विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा वाद्यवृंद १९६७ साली जन्मास आला आणि १९६८ संपता संपता त्याचे अस्तित्व संपले. विद्युत्‌-गिटारवर आधारलेल्या ब्लूज-रॉक संगीताशी ट्रंपेट व सॅक्सोफोन या फुंकवाद्यांचा संयोग घडवून आणण्याचा जो उद्योग त्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अनेकांनी केला, त्यातील हा सर्वांत महत्त्वाकांक्षी आणि सर्वांत अल्पायुषी प्रयत्न होय. त्याच्या इतिहासलेखनात ‘अपयश’ हा शब्द वारंवार येतो. तो शब्द कितपत न्याय्य आहे हे तपासल्याशिवाय स्वीकारणे योग्य होणार नाही.

२

या वाद्यवृंदाचा संस्थापक मायकेल ब्लूमफील्ड. जन्म शिकागो, २८ जुलै १९४३; घर सधन ज्यू व्यापाऱ्याचे. हा मुलगा कोवळ्या वयात शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या मद्यगृहांत जाऊन मडी वॉटर्ससारख्या वादकांच्या पायांशी बसून ब्लूज शिकला. पुढे पॉल बटरफील्डच्या वाद्यवृंदात त्याने गिटार हाती घेतली. १९६५ च्या उन्हाळ्यात बॉब डिलनच्या ‘हायवे सिक्स्टीवन रिव्हिजिटेड’ या तबकडीच्या ध्वनिमुद्रणात त्याचा वाटा होता, आणि त्याच वर्षीच्या २५ जुलैच्या न्यूपोर्ट येथील वादग्रस्त विद्युत्‌-वादनातही तो डिलनच्या साथीस होता. १९६६ साली बटरफील्ड-वृंदाने ‘ईस्ट-वेस्ट’ ही सुमारे तेरा मिनिटांची वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली. एका स्थिर आधारस्वरावर टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी ही रचना ब्लूमफील्डने भारतीय रागसंगीत ऐकून प्रेरित होऊन आखली होती. आपल्या दृष्टीने तिच्यात रागत्व फारसे नाही. परंतु बारा मात्राखंडांच्या बंदिस्त आवर्तनाबाहेर पडून विस्ताराचा अवकाश शोधण्याची या वादकाची ओढ तिच्यात स्पष्ट दिसते. ही ओढ लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व घडामोडींचे एक सूत्र तिच्यात आहे.

१९६७ च्या आरंभी ब्लूमफील्ड बटरफील्डपासून वेगळा झाला. बॅरी गोल्डबर्ग (ऑर्गन), हार्वी ब्रुक्स (बास), निक ग्रॅव्हेनाइट्स (गायन), पीटर स्ट्राझा (टेनर सॅक्सोफोन), मार्कस डबलडे (ट्रंपेट) आणि बडी माइल्स (ड्रम्स व गायन) यांना त्याने एकत्र आणले. नंतर हर्बी रिच व स्टेम्सी हंटर हे सॅक्सोफोनवादक येऊन मिळाले. माइल्स, रिच व हंटर हे कृष्णवर्णीय, इतर श्वेतवर्णीय. माइल्स तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. परंतु विल्सन पिकेट या सोल-गायकाच्या साथीचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. वाद्यवृंदाने स्वतःस ‘अॅन अमेरिकन म्युझिक बँड’ असे उपनाम घेतले. ब्लूज, सोल, जॅझ, रॉक हे सारे प्रवाह एकाच निशाणाखाली आणावयाचे, असा त्या उपनामातील दावा होता.

पहिले काम मिळाले ते रॉजर कॉर्मनच्या ‘द ट्रिप’ (१९६७) या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे. पहिले जाहीर वादन झाले कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी संगीतमहोत्सवात, १७ जून १९६७ च्या दुपारी. योगायोग असा, की त्याच दुपारी त्याच मंचावर पॉल बटरफील्डचा वृंद होता व अल कूपरही होता. म्हणजे ब्लूज-रॉक आणि फुंकवाद्ये यांच्या संयोगाचे तिन्ही प्रमुख प्रवर्तक तेथे एका ठिकाणी आले होते. रात्री ओटिस रेडिंगने ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या साथीने गाऊन हा संयोग सोल-संगीतात किती परिपक्व झाला आहे याचे प्रात्यक्षिकच दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी रविशंकर व मुंबईस स्थायिक झालेले उस्ताद अल्लारखाँ यांचे वादन झाले.

मॉन्टेरीच्या श्रोत्यांनी इलेक्ट्रिक फ्लॅगला उदंड दाद दिली. मात्र आपण त्या दिवशी वाईट वाजवले, असे ब्लूमफील्डने पुढे मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले. श्रोत्यांचा जयजयकार आणि वादकाचा आत्मप्रत्यय यांतील ही फट पहिल्याच दिवशी पडली, आणि ती पुढे कधीच बुजली नाही.

३

या प्रयोगाचे स्वरूप नीट समजण्यासाठी फुंकवाद्यांचे ब्लूज-परंपरेतील स्थान थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. इंग्रजीत या समूहास ‘हॉर्न’ म्हणतात. त्यात पितळी वाद्यांबरोबर शास्त्रदृष्ट्या काष्ठवाद्यांत मोडणारा सॅक्सोफोनही येतो. आपल्या वर्गीकरणाप्रमाणे ही सारी सुषिर वाद्ये.

युद्धोत्तर शिकागोतील ब्लूज हा प्रामुख्याने लहान संचाचा : विद्युत्‌-गिटार, पियानो, बास, ड्रम्स आणि ध्वनिवर्धकातून वाजणारा माउथऑर्गन. लिटल वॉल्टरसारख्या वादकाने या माउथऑर्गनकडून सॅक्सोफोनचेच काम करून घेतले. त्यामुळे सॅक्सोफोनची गरज तेथे कमी भासली. याउलट मेम्फिसच्या सोल-संगीतात, तसेच बी. बी. किंग व बॉबी ब्लँड यांच्या संचांत, हॉर्न-विभाग हा अविभाज्य घटक होता. त्याची कार्ये साधारणतः तीन. गायकाच्या ओळीनंतर लहानसे उत्तर देणे, हे पहिले. रिफ, म्हणजे पुनरावृत्त स्वरवाक्य, एकमुखाने वाजवून आवर्तनाला धार आणणे, हे दुसरे. दीर्घ स्वर धरून गाण्याखाली स्वरांची पार्श्वभूमी अंथरणे, हे तिसरे. या तिन्ही कार्यांस पूर्वसंमत रचना लागते. चार फुंकवादकांनी एकाच क्षणी एकच स्वर उचलायचा तर तो क्षण अगोदर ठरलेला असावा लागतो. उपजेला तेथे वाव आहे, पण तो नेमून दिलेल्या जागी.

ब्लूज-रॉकच्या गिटारवादनाची प्रकृती नेमकी उलट. त्याचा प्राण उपजेत, तार ओढून काढलेल्या मींडेत, आणि आवर्तनांची संख्या अगोदर न ठरविता वाढत जाणाऱ्या एकलवादनात. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातील श्रोते येत असत ते मुख्यतः या विस्तारासाठी. गिटारवादक पाच आवर्तने घेईल की पंधरा, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. तोपर्यंत फुंकवादकांनी एकतर तोच रिफ वाजवीत राहावे, नाहीतर वाद्य खाली धरून उभे राहावे.

म्हणजे ब्लूमफील्डने ज्या दोन परंपरा एकत्र आणल्या त्यांच्यात केवळ वाद्यांचा भेद नव्हता. सत्ताकेंद्राचा भेद होता. सोल-परंपरेत केंद्र गायकाकडे असते आणि बाकी सर्व वाद्ये त्याच्या इशाऱ्यावर चालतात. ब्लूज-रॉकमध्ये ते गिटारवादकाकडे असते. इलेक्ट्रिक फ्लॅगमध्ये दोन्ही केंद्रे एकाच मंचावर होती. माइल्स गाऊ लागला आणि श्रोत्यांना हाताशी धरू लागला की वृंद सोल-संगीताकडे झुके. ब्लूमफील्डने गिटार उचलली की तो फिलमोरकडे झुके. या ओढाताणीस इतिहासकार सामान्यतः दोन व्यक्तींचा संघर्ष म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मूलतः दोन रचनातत्त्वांचा संघर्ष होता. व्यक्ती त्याचे वाहक होत्या.

४

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ‘अ लाँग टाइम कमिन’ ही या वृंदाची पहिली स्वतंत्र तबकडी कोलंबिया कंपनीने मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतील विक्रीच्या कोष्टकात ती ३१ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिच्या परीक्षणासाठी मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे उपयोगी पडतील असे वाटते. मर्ढेकरांनी ती सर्व ललितकलांस लागू मानली होती, तेव्हा परदेशीय लोकप्रिय संगीतास ती लावण्यात अतिप्रसंग होऊ नये.

तबकडीचा आरंभ हाउलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोर’ या ब्लूजने होतो. परंतु त्याआधी ऐकू येतो तो राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज. १५ मार्च १९६५ रोजी मतदानहक्कांविषयी काँग्रेसपुढे केलेल्या भाषणाचे ते पहिले वाक्य आहे. ते पुरे होते न होते तोच हास्याचा कल्लोळ उठतो आणि त्यातून वाद्यवृंद कोसळत येतो. येथे मूळ गाण्याचा गिटारचा कणा फुंकवाद्यांच्या अंगावर चढविला आहे आणि गिटार त्या भिंतीवर आदळत राहते. हे विरोधतत्त्वाचे उत्तम उदाहरण : रिफची अपरिवर्तनीयता आणि एकलवादनाची अस्वस्थता परस्परांस अर्थ देतात. जॉन्सन यांच्या वाक्यावरील हास्य प्रथम ऐकताना उथळ वाटते. परंतु मानवी प्रतिष्ठेची ग्वाही आणि कत्तलखान्याच्या जमिनीची प्रतिमा यांचे ते सान्निध्य, व्हिएतनामच्या युद्धाच्या ऐन काळात, निव्वळ थट्टा राहत नाही.

‘यू डोन्ट रिअलाइज’ या गाण्यात मेम्फिसच्या शैलीचे ऋण उघडपणे मान्य केलेले आहे. फुंकवाद्ये, गायन व गिटार येथे एका सुरात आहेत. पण तो संवाद इतका पूर्ण आहे की त्यात वृंदाचे स्वत्व हरवते. उत्तम अनुकरण, याहून अधिक त्याविषयी म्हणता येत नाही. ‘अनदर कंट्री’ या सुमारे नऊ मिनिटांच्या रचनेत दोष उलट प्रकारचा आहे. गाणे, मग ध्वनींचा कोलाहल, मग जॅझच्या वळणाचे दीर्घ गिटारवादन, मग पुन्हा गाणे, असे खंड एकापुढे एक ठेवले आहेत. प्रत्येक खंड आपापल्या जागी वेधक आहे. ब्लूमफील्डचे वादन तर या तबकडीतील सर्वोत्कृष्टांपैकी आहे. परंतु एक खंड दुसऱ्याची मागणी करीत नाही. विरोध आहे, त्यास तोलणारे काही नाही.

समतोल साधला आहे तो ‘टेक्सस’ या संथ ब्लूजमध्ये. माइल्सचा कंठ, त्याच्या प्रत्येक ओळीस ब्लूमफील्डच्या गिटारचे उत्तर, आणि दोहोंच्या खाली फुंकवाद्यांचे धरलेले स्वर, अशी ही साधी रचना. बारा मात्राखंडांची मर्यादा येथे सर्वांनी मानली आहे. गिटार विस्तारासाठी धावत नाही, गायक गिटारला झाकीत नाही, फुंकवाद्ये आपले अस्तित्व सांगण्यासाठी आवाज चढवीत नाहीत. दोन सत्ताकेंद्रे एका आवर्तनात सुखाने नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच हा प्रयोग तत्त्वतःच अशक्य होता असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही. जे एकदा साधले ते वारंवार का साधले नाही, एवढाच प्रश्न उरतो.

५

या प्रश्नाच्या उत्तरातील बाह्य कारणे प्रथम नोंदवू. आठ-नऊ जणांचा संच बाळगणे हे चौघांच्या संचापेक्षा फार खर्चाचे. मानधन तेच, वाटेकरी दुप्पट. काही सदस्यांना हेरॉइनचे व्यसन जडले होते. ब्लूमफील्ड निद्रानाशाने ग्रासलेला होता आणि प्रवासाचे त्यास वावडे होते. गोल्डबर्ग तबकडी प्रसिद्ध होण्यापूर्वीच बाहेर पडला. १९६८ च्या उन्हाळ्यापर्यंत ब्लूमफील्डनेही वृंद सोडला.

यातच एका वैचारिक आघाताची भर पडली. १९६८ साली ‘रोलिंग स्टोन’ पत्रात राल्फ ग्लीसन या ज्येष्ठ संगीतसमीक्षकाने ब्लूमफील्डवर कठोर टीका केली. शिकागोच्या ज्यू घरातील मुलाने कृष्णवर्णीयाचा आव आणू नये, असा तिचा आशय होता. ग्रॅव्हेनाइट्सने त्याच पत्रातून तिला तितकेच कठोर उत्तर दिले. हा वाद आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने दुय्यम नाही. एखाद्या समाजाच्या दुःखातून उपजलेली कला दुसऱ्या समाजातील माणसाने साधनेने आत्मसात केली, तर तिच्यावर त्याचा अधिकार पोहोचतो काय, हा प्रश्न कोणत्याही काळी सोपा नाही. ग्लीसन यांची शंका सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणवत नाही; ज्या वादकांकडून हे संगीत घेतले गेले त्यांतील बहुतेकांस त्याच्या शतांश धनही मिळाले नव्हते. परंतु टीकेचा रोख चुकला होता. ब्लूमफील्डने आपल्या गुरूंची नावे कधी लपविली नाहीत, उलट बी. बी. किंग यांना फिलमोरच्या मंचावर आणावे म्हणून तेथील संचालक बिल ग्रॅहम यांच्यामागे त्याने लकडा लावला होता. शिवाय ज्या वृंदात श्वेत व कृष्णवर्णीय वादक बरोबरीने उभे होते आणि प्रमुख गायकांपैकी एक माइल्स होता, त्या वृंदाच्या प्रमुखावर ही टीका व्हावी यात विपर्यास आहे. अधिकाराचा निर्णय जन्मावरून नव्हे तर कृतीवरून व्हावा, असे मानणाऱ्यास ‘टेक्सस’ हेच पुरेसे उत्तर आहे. ‘यू डोन्ट रिअलाइज’ मात्र तसे उत्तर नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता अंतर्गत कारण. समकालीन वृंदांशी तुलना केली असता ते उघड होते. अल कूपरने स्थापिलेल्या ‘ब्लड, स्वेट अँड टियर्स’ची पहिली तबकडी फेब्रुवारी १९६८ मध्ये निघाली. लवकरच कूपर स्वतः त्या वृंदाबाहेर पडला. तरी वृंद मोडला नाही. त्याची दुसरी तबकडी १९६९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिला पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी ‘शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी’ या वृंदाने पदार्पण केले. या दोन्ही वृंदांत फुंकवाद्यांची रचना लिहिणारा माणूस आतलाच होता : पहिल्यात फ्रेड लिप्सियस, दुसऱ्यात जेम्स पँको. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्यास अरेंजर म्हणतात, ज्या कामासाठी गोमंतकाच्या सेबॅस्टियन डिसूझा व अँथनी गोन्साल्विस यांची नावे आदराने घेतली जातात, तो योजक हा अशा वृंदाचा खरा कणा असतो. गायक बदलला, संस्थापक गेला, तरी योजना टिकते. इलेक्ट्रिक फ्लॅगच्या तबकड्या ऐकताना असा एक योजक हात जाणवत नाही. प्रत्येक गाण्यात फुंकवाद्यांचे गिटारशी नाते नव्याने, त्या त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे ठरविलेले वाटते. संगीताची मोठी स्मृती असलेला नायक त्यांच्याजवळ होता. ती स्मृती कागदावर उतरवून सर्वांस बांधून ठेवणारा कोणी नव्हता.

६

हे विधान पडताळून पाहण्याची संधी इतिहासानेच दिली आहे, कारण मोडल्यानंतर या वृंदाचे दोन्ही अर्धभाग वेगवेगळे ऐकावयास मिळतात. मे १९६८ मध्ये ब्लूमफील्डने कूपरसमवेत ‘सुपर सेशन’ या तबकडीची एक बाजू वाजविली. दुसऱ्या दिवशी तो घरी निघून गेला आणि उरलेली बाजू स्टीफन स्टिल्सला घेऊन पुरी करावी लागली. तेथे फुंकवाद्ये आहेत, पण ती कूपरने मागाहून चढविलेली. गिटारला त्यांच्याबरोबर नांदावे लागले नाही. वादन अत्यंत मोकळे आणि तेजस्वी आहे, आणि ही तबकडी इलेक्ट्रिक फ्लॅगच्या तबकडीपेक्षा कितीतरी अधिक खपली. दुसरीकडे, ब्लूमफील्डशिवाय उरलेल्या वृंदाची तबकडी १९६८ च्या अखेरीस आली. तिच्यात गायन आणि फुंकवाद्ये सुखाने चालतात, मात्र त्यांना अडविणारे, डिवचणारे काही नाही. एका अर्ध्यात संघर्षावाचून स्वातंत्र्य, दुसऱ्यात संघर्षावाचून शिस्त. ‘किलिंग फ्लोर’मधील ताण दोहोंपैकी एकातही नाही. तो ताण म्हणजेच इलेक्ट्रिक फ्लॅग होता.

पुढील कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. माइल्सने स्वतःचा वृंद काढला आणि १९६९–७० मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या ‘बँड ऑफ जिप्सीज’मध्ये तो वाजवू लागला. १९७४ साली जुन्या सदस्यांपैकी काहींनी एकत्र येऊन ‘द बँड केप्ट प्लेइंग’ ही तबकडी केली. तिने फारसे काही साधले नाही. १५ फेब्रुवारी १९८१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अमली द्रव्याच्या अतिसेवनाने ब्लूमफील्डचा मृत्यू झाला. तो ३७ वर्षांचा होता. माइल्स २००८ मध्ये, ग्रॅव्हेनाइट्स २०२४ मध्ये आणि गोल्डबर्ग २०२५ मध्ये निवर्तले.

तेव्हा ‘अपयश’ या शब्दाचे काय करावे? संस्था म्हणून इलेक्ट्रिक फ्लॅग अयशस्वी ठरली, यात शंका नाही. सर्व अमेरिकन संगीत एका निशाणाखाली आणण्याचा तिचा दावाही सिद्ध झाला नाही. तो दावा कोणत्याही एका वृंदास पेलणारा नव्हता. परंतु कलाकृतीचे मूल्य संस्थेच्या आयुर्मानावर अवलंबून नसते. तिच्यानंतर आलेल्या यशस्वी वृंदांनी योजकाच्या बळावर गिटार व फुंकवाद्ये यांतील संघर्ष मिटविला, आणि तो मिटविताना गिटारचे स्वातंत्र्य बव्हंशी काढून घेतले. इलेक्ट्रिक फ्लॅगने तो संघर्ष मिटविला नाही. दोन-तीन ठिकाणी तो तोलून धरला आणि इतरत्र ती त्याखाली मोडली. टिकण्याची किंमत आणि मोडण्याची किंमत या दोन्ही समीक्षकाने एकाच तराजूत घातल्या पाहिजेत. तसे केले तर ज्या वृंदाने आपला प्रश्न सोपा करून घेतला नाही, त्याच्या खात्यावर ‘टेक्सस’ आणि ‘किलिंग फ्लोर’ एवढे जरी शिल्लक राहिले, तरी ते खाते रिकामे होते असे कोणी म्हणू नये.